कॉफी : घाटावरची आणि घाटाखालची

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात चहा हा प्रश्न नसतो. तो होतच असतो. पाहुण्याने उंबऱ्याबाहेर चपला काढेपर्यंत आत आधण चढलेले असते. कॉफीचे तसे नाही. कॉफीला निमित्त लागते. एकादशी असावी, पाहुण्याने चहा सोडलेला असावा, घरात कोणाला कणकण असावी, नाहीतर परीक्षा उद्यावर आलेली असावी. मग फळीवरच्या डब्यांमागून एक बरणी निघते. तिच्या तळाशी दमट हवेने गोळा झालेली पूड चमच्याने फोडतात, साखरेबरोबर दुधात उकळतात, वरून जायफळ किसतात आणि त्या गोड, सुवासिक पेयाला आपण कॉफी म्हणतो. मला ते पेय आवडते, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी परदेशी वारे लागल्यासारखा बोलतो आहे, असा कोणाचा समज व्हायला नको.

पण बरणीतली ती पूड म्हणजे कॉफी करून, तिच्यातले पाणी उडवून उरलेला कोरडा अर्क. ती कॉफी कारखान्यात एकदा होऊन गेलेली असते. आपण तिला फक्त पुन्हा ओली करतो. भाजलेल्या बिया दळून, त्यांचा अर्क गरम पाण्यात उतरवून घरीच कॉफी करायची म्हटले, की साधनांची रांग पुढे उभी राहते : दक्षिणेकडचा पितळी वा स्टीलचा फिल्टर, काचेचा फ्रेंच प्रेस, इटलीचा मोका पॉट, कागदी गाळणीचा ड्रिपर. यंत्राने करायच्या कॉफीपासून वेगळी ओळखता यावी म्हणून हिला 'हाताने करायची कॉफी' म्हणतात. आमच्या घरी कॉफी यंत्राने कधीच झाली नव्हती. तेव्हा या 'हाताने'चे एवढे कौतुक कशाला, असे आईने विचारले. आजवर तो हात कोणाचा होता, हे तिने विचारले नाही. मला मात्र ते विचारावेसे वाटले, आणि या लेखाचा निम्मा विषय तोच आहे.

आईचे माहेर चिखलीचे, म्हणजे घाटावरचे. तिच्या माहेरी दुपारी कॉफी होत असे. लग्न होऊन ती घाट उतरून जळगाव जामोदकडे आली ती चहाच्या घरात. आजोबा, आजी, बाबा, काका, सगळेच चहाचे भोक्ते. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत चार वेळा पातेले चढते, चारही वेळा ती सर्वांना चहा देते आणि उरलेला स्वतः घेते. तुला कॉफी आवडते ना, मग करून का घेत नाहीस, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "एका कपासाठी कोण पातेलं ठेवते रे?" तेव्हा मला ज्या साधनाचा शोध घ्यायचा होता, त्याची पहिली अट ठरली. एक कप कॉफी आईला मिळावी आणि त्यासाठी तिला चुलीपुढे आणखी उभे राहावे लागू नये.

दुकानदार साधनाचा रंग आणि किंमत सांगतो. पण या सर्व साधनांच्या मुळाशी रीती तीनच आहेत. पहिली भिजवण्याची. पूड गरम पाण्यात ठेवायची, काही मिनिटांनी चोथा वेगळा करायचा. फ्रेंच प्रेस हा त्यातला. काचेच्या भांड्यात जाड रव्याएवढी दळलेली पूड घालून वर गरम पाणी ओततात आणि चार मिनिटांनी जाळीचा दट्ट्या खाली दाबतात. नाव फ्रेंच असले तरी त्याचे एक महत्त्वाचे पेटंट १९२९ साली दोन इटालियन गृहस्थांनी घेतले होते.

दुसरी रीत पाझरण्याची. पुडीच्या थरातून पाणी आपल्या वजनाने खाली उतरते आणि जाताना अर्क घेऊन जाते. आपल्या देशी फिल्टरमध्ये हेच होते. ड्रिपरमध्येही हेच होते, फक्त तिथे तळाला कागद असतो. या कागदाची गोष्ट विद्यार्थ्यांना आवडावी अशी आहे. जर्मनीत ड्रेस्डेन येथे मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीला कपातल्या गाळाचा कंटाळा आला. तिने पितळी भांड्याला भोके पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात बसवला. १९०८ साली तिने त्याची रीतसर नोंदणी केली आणि पुढे त्यातून मोठा धंदा उभा राहिला. टीपकागदाचा इतका सदुपयोग आपल्यापैकी कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

तिसरी रीत दाबाची. मोका पॉट हा अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या नावाने ओळखला जातो. तो १९३३ सालचा. खालच्या कप्प्यात पाणी उकळू लागले की वाफेच्या दाबाने ते मधल्या पुडीतून वर चढते. कॉफी कडक होते, आणि वर येताना होणारा खळखळाट ऐकत बसण्यातही मौज असते.

या तिन्ही रीतींत कॉफी उकळत नाही. आपण चहा उकळतो म्हणून कॉफीही उकळतो, एवढेच. पाणी साधारण ९० ते ९६ अंशांपर्यंत तापलेले असले की पुरे. म्हणजे आधण आल्यावर भांडे उतरवून अर्धा-एक मिनिट थांबायचे. पूड पाण्यात खळखळ उकळत राहिली तर चांगला अर्क उतरून गेल्यावरही कडवटपणा उतरतच राहतो. मग तो झाकायला साखर वाढते.

इथवर मी पुस्तकी विद्यार्थ्यासारखा चाललो होतो. पुण्याला नोकरीला असलेल्या चुलत भावाने फ्रेंच प्रेस आणून दिला होता, एका मित्राने ड्रिपर आणि कागद वापरायला दिले होते, मोका पॉट शेजारच्यांकडून दोन दिवसांसाठी मागून आणला होता. दिवाळीच्या सुट्टीत मी ड्रिपर चिखलीला मामांकडे नेला. कोऱ्या कॉफीचा पहिला घोट घेतला आणि थक्क झालो. किंचित आंबूस, मागाहून गोडसर, जिभेवर हलकी. तीच पूड, तेच माप, तोच कागद घेऊन घरी परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच कॉफी केली. चव बसलेली, मातकट, शेवटी जिभेच्या कडेला खारट. पूड तीच, हात तोच. मधे फक्त घाट उतरलो होतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवे. आमच्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग लोकांच्या बोलण्यातच पडलेले आहेत. अजिंठ्याच्या रांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. घाटावर काळ्या खडकातले पाणी. तेही जड असते, पण जिभेला खारट लागत नाही. (लोणारच्या सरोवराची गोष्ट वेगळी, त्या पाण्यात कॉफी करण्याची बुद्धी अजून कोणाला झालेली नाही.) घाटाखाली मात्र पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. नदीच्या गाळाचे थर इथे खोल गेलेले आहेत आणि त्यांच्या पोटातले पाणी क्षारांनी भरलेले आहे. या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. संग्रामपूर-जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या विकाराची भीती घरोघरी आहे. कॉफी बिघडणे ही त्या पाण्याची सर्वांत लहान तक्रार.

तरी ती समजून घेण्यासारखी आहे. कोऱ्या कॉफीच्या कपात शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग पाणीच असते. भारतीय मानक ब्युरोच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. कॉफीच्या जाणकारांच्या जागतिक संघटनेला कॉफीसाठी हवे असतात लिटरला साधारण १५० मिलिग्रॅम. क्षार अजिबात नसले तरी चालत नाही, कारण थोडे कॅल्शियम-मॅग्नेशियम असले तरच अर्क नीट उतरतो. आणि पाण्यातले बायकार्बोनेट फार झाले तर ते कॉफीतला आंबूसपणा मारून टाकते. चिखलीला जो पहिला घोट मला आवडला, त्याचा जीव नेमका त्या आंबूसपणात होता.

मी मग एक लहानसा प्रयोग केला. चार पेल्यांत सारखी पूड घेतली. एकात विहिरीचे पाणी, दुसऱ्यात नळाला येणारे वान धरणाचे, तिसऱ्यात विकतच्या आरओ जारचे आणि चौथ्यात मामांकडून बाटलीतून आणलेले. कोणते कोणते हे न सांगता घरच्यांना चाखायला दिले. विहिरीचा पेला सर्वांनी तोंड वाकडे करून बाजूला ठेवला. जारचा पेला पातळ आणि थोडा बोचरा वाटला. वानचे पाणी आणि घाटावरचे पाणी यांत मते फुटली. आईने मात्र चौथा पेला संपवला आणि म्हणाली, "हे आमच्याकडलं पाणी दिसते." तिला कोणी काही सांगितले नव्हते.

वान धरणाचे पाणी योजनेने या भागातल्या गावांत येऊ लागले तेव्हापासून घराघरांत पाण्याचे दोन हिशेब आहेत : वापरायचे आणि प्यायचे. प्यायचे गोडे पाणी माठात मोजून भरायचे. अशा घरात जे साधन एका कपासाठी अडीचशे मिलिलिटर चांगले पाणी मागते, वर भांडे आणि कागद धुवायला आणखी थोडे, त्या साधनाविषयी दहा वेळा विचार करावा लागतो. ड्रिपर इथेच मागे पडला. त्याच्यावर माझा राग नाही. कोरी कॉफी पिणाऱ्या एकट्या माणसाला त्याच्यासारखा सोबती नाही. पंधरा ग्रॅम पूड, अडीचशे मिलिलिटर पाणी, तीन-साडेतीन मिनिटे, आणि कप अगदी नितळ. शिवाय कॉफीतले जे तेलकट घटक रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवतात, ते कागद बऱ्याच अंशी अडवून धरतो. पण ती साडेतीन मिनिटे माणसाने धार धरून उभे राहायचे, कागद संपले की शहरातून मागवायचे, आणि पाणी खारट असेल तर तो खारटपणाही तितक्याच नितळपणे कपात उतरणार.

फ्रेंच प्रेसला एकदम तीन-चार कप होतात, ही त्याची मोठी सोय. पण आमच्या न्हाणीच्या फरशीवर काचेचे भांडे किती दिवस टिकणार, ही शंका होतीच. आजोबांनी मी दट्ट्या दाबताना पाहिले आणि विचारले, "हे कॉफी हाय का हापशी हाय बाप्पा?" त्यानंतर घरात त्या साधनाचे नाव हापशी पडले ते पडलेच. तळाशी गाळ राहतो, आणि म्हशीचे दूध घालायचे तर कॉफी एवढी पातळ पडते की दुधाला नुसता रंग येतो. मोका पॉटची कॉफी दुधाला पुरून उरते. पण त्याचा लहान तळ आमच्या शेगडीच्या मोठ्या जाळीवर उभा राहीना, आणि कॉफी वर आली की तत्काळ उतरवायला कोणीतरी जवळ हवे. ते 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे सांगायला नको.

शेवटी मामांनी पितळी फिल्टर काढून दिला. बँकेच्या बदलीवर ते काही वर्षे म्हैसूरला होते, तेव्हाचा. त्या भागाशी कॉफीचे नाते जुने आहे. येमेनहून बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी तिकडची कथा आहे. आजही देशातल्या कॉफीपैकी साधारण सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. आपल्याकडे म्हणाल तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला, इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडे आहेत. म्हणजे सातपुड्याच्या ज्या रांगा आमच्या गावाच्या उत्तरेला दिसतात, त्यांच्याच पुढच्या टोकाला कॉफी पिकते, आणि खाली आम्ही बरणी खरडतो!

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोके. त्यात बारीक मिठाएवढी दळलेली पंचवीस ग्रॅम पूड घालायची, हलक्या हाताने सारखी करायची, वर चकती ठेवायची आणि दीडशे मिलिलिटर गरम पाणी हळूच ओतून झाकण लावायचे. पूड फार दाबली तर पाणी अडून बसते. सैल सोडली तर भस्सकन उतरते आणि अर्क पाण्यासारखा होतो. रात्री जेवणे झाल्यावर लावला की सकाळी खालच्या भांड्यात शंभर मिलिलिटरच्या आसपास दाट, काळा अर्क तयार. दूध तापवायचे, कपात तीन-चार चमचे अर्क घालायचा, वर दूध ओतायचे. अर्क उकळायचा नाही. तेवढ्यात तीन कप होतात.

आता हिशेब पाहा. तीन कपांना पाणी लागले दीडशे मिलिलिटर. ड्रिपरला याच्या पाचपट लागले असते. एवढे गोडे पाणी माठातून काढताना कोणाला जड वाटत नाही. कपात बहुतेक दूधच असल्यामुळे पाण्याचा दोष फारसा कळत नाही. काच नाही, कागद नाही, वीज लागत नाही. तेलकट घटकांना धातूची जाळी कागदाइतकी अडवत नाही, हा उणेपणा मान्य. ज्यांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांभाळायला सांगितले आहे, त्यांनी कागदच धरावा. पण सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हे काम रात्रीचे आहे. सकाळच्या धांदलीत त्याला कोणाचा हात लागत नाही. रात्री अभ्यासाला बसण्यापूर्वी फिल्टर लावणे माझ्याकडे आले. मी परीक्षेसाठी बाहेरगावी गेलो तेव्हा तो बाबांनी लावला. पूड जरा जास्तच दाबली गेली, असे आईने फोनवर सांगितले. पण तक्रारीच्या सुरात नाही.

पूड घेताना एक पथ्य. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत. चिकोरी ही एका झाडाच्या मुळाची भाजलेली भुकटी; ती घातली की अर्क दाट आणि काळा दिसतो. आपल्या कायद्याप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावीच लागते, म्हणजे उरलेले ४९ टक्के चिकोरी असू शकते. म्हशीच्या दाट दुधात थोडी चिकोरी वाईट लागत नाही. पण आपण किती कॉफी विकत घेतो आणि किती मूळ, हे ठाऊक असावे. शिवाय दळलेली पूड आमच्या वैशाखात फार दिवस टिकत नाही. थोडी आणावी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि तो डबा चुलीजवळच्या फळीवर ठेवू नये.

वसतिगृहातल्या मित्रांनी यातले काहीच विकत घेऊ नये. पेल्यात दोन चमचे जाडसर पूड, वर गरम पाणी, चार मिनिटे झाकण, मग चहाच्या गाळणीवर धुतलेला सुती कपडा ठेवून गाळणे. झाली कॉफी. घाटावर खोली घेऊन राहणाऱ्या आणि कोरी कॉफी पिणाऱ्याने खुशाल ड्रिपर घ्यावा. घाटाखाली, दूधदुभत्याच्या घरात, चार माणसांत राहणाऱ्याने फिल्टर आणावा. मात्र काहीही आणण्याआधी दोन गोष्टी कराव्या. घरातले पाणी एकदा कोऱ्या कॉफीत चाखून पाहावे, आणि सकाळी घरात सर्वांत आधी कोण उठते ते पाहावे.

आमच्याकडे आता सकाळी चहाचे पातेले चढण्याआधी आईचा कप होतो. त्यावर ती अजूनही जायफळ किसते. म्हैसूरकडे असे करीत नाहीत, असे मामा दरवेळी सांगतात. ती ऐकून घेते आणि किसते.